कसालचा तिठा

शिंगाळ्याचा काटा उजव्या तळव्यात गेला तो सोमवारी.
हळद लावली, चुना लावला, वर फडकं.
मंगळवारी दांडीच्या किनाऱ्यावर
त्याच हाताने लिलाव पुकारला.
आठव्या दिवशी कोपरापर्यंत जांभळा,
शिळ्या तारलीसारखा मऊ,
तेव्हा मुलाने गाडी बोलावली.

गाडी म्हणजे गुंडूचा बर्फाचा टेम्पो.
खाली गोणपाट, वर ताडपत्री.
जिथे एरवी सुरमई आडवी असते
तिथे मी.

कसालच्या तिठ्यावर टेम्पो थांबला.
डावीकडे कणकवली, काचेचं दार.
उजवीकडे ओरस, सिव्हिल.
सगळे उतरले, मी सोडून.

उल्हास म्हणाला, कणकवलेक जाव.
थंय आत गेल्या गेल्या बाटली लावतत.
जावई म्हणाला, बाटलेच्या आधी पन्नास हजार मागतत.
आवशीचा कार्ड केशरी आसा ना?
– कार्डात ह्यो आजार बसणा नाय, मी इचारलंय.
– मगे सिव्हिलात. माझा अपेंडिक्स काढल्यानी,
एक पैसो घेतल्यानी नाय.
– तो डॉक्टर बदलून गेलो. आता येता तो गुरवारचो.
आज वार खयचो?
कुणालाच आठवेना.
सोमवार, मी ताडपत्रीखालून म्हटलं.
ऐकू गेलं नाही.

गुंडूने विडी पेटवली. माका दोनय वाटो सारखेच, म्हणाला.
सारखे नव्हते, ते पुढे कळलं.
काचेचं दार त्याला पेशंटमागे पाचशे द्यायचं.

चाळीस वर्षं मी भाव पुकारते.
नुसत्या खोकण्यावरून सांगते
घेणारा कोण, उभा राहून जाणारा कोण.
आज माझ्या हाताचा भाव चालला होता
आणि पुकारायला कुणी नव्हतं.
पन्नास हजार एकवार.
फुकट एकवार.
फुकटाच्या पुढे बोली लावायची कशी,
आणि खाली तरी कुठे उतरायचं?

टेम्पोचे दोन्ही दिवे, डावा आणि उजवा,
एकदमच लुकलुकत होते. टिक, टिक.
हायवेचे ट्रक आम्हाला वळसा घालून जात होते.
उन्हात मासा ठेवून
इतकी घासाघीस मी कधी होऊ दिली नाही.

बऱ्या हाताने पत्र्यावर थाप मारली, तीनदा,
लिलाव मिटला की मारतात तशी.
गुंडू दचकला. जे जवळ होतं तिकडे वळला.

ओरसला केसपेपर दहा रुपये.
एका खाटेवर दोघी, मी आणि वराडची एक बाळंतीण.
सलाईन आतलं, इंजेक्शनं बाहेरून,
तीन हजार चारशे, पावती आहे.
नर्स रात्रभर तीन वेळा आली, पायात चपला नसल्यासारखी.
मशीनवर फुलाफुलांची चादर, चालवणारा रजेवर.
म्हणून फोटो काढायला परत तोच तिठा,
तेच काचेचं दार,
आणि आत तोच डॉक्टर,
ज्याने सकाळी सिव्हिलात माझा हात दाबून बघितला होता.
सकाळी तो फुकट होता.
संध्याकाळी आठशे.
बोटं दोन्ही वेळा तेवढीच गार.

माझी दोन गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.
आठ दिवस उशीर, डॉक्टर म्हणाला.
आठ दिवस माझेच, कबूल.
तिठ्यावरची चाळीस मिनिटं
कुठल्याच कागदावर नाहीत.

उल्हास आणि जावई
चवथीला भेटले की अजून भांडतात,
पन्नास हजार वाचले की हात गेला असता,
सरकारने काय करायचं, माणसाने काय.
मी डाव्या हाताने नारळ खवते.
मला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी
मी दोन्हीकडे निजून आलेय.

किनाऱ्यावर मात्र एक शब्द रुळलाय.
गिऱ्हाईक टोपलीशी अडून बसलं,
घेऊ की नको, घेऊ की नको,
की बायका ओरडतात,
गे बाय, कसाल करू नको, मासो कुसता.

आणि हजाराची बोली दाखवायला
मी सवयीने दोन्ही हात वर करते.
समोरचा मोजतो.
आठशे, म्हणतो.